ओटीतला नारळ आणि काळ्या पाण्याची बेटं

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? लग्न झाल्यापासून आजवर तुमच्या ओटीत किती नारळ पडले असतील? मोजायला बसलात तर बोटं पुरायची नाहीत. माहेराहून निघताना नारळ, डोहाळजेवणाला नारळ, नवरात्रात नारळ, वास्तुशांतीला नारळ. आता दुसरा प्रश्न. हा नारळ ज्या झाडाला लागतो ते झाड, समुद्राच्या काठी, भर वाऱ्यात उभं असलेलं, तुम्ही किती वेळा पाहिलंय?

या दुसऱ्या प्रश्नाला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत माझं उत्तर होतं, "एकदाही नाही." मी हिंगोलीची. आमच्याकडे कयाधूला पूर आला की तोच आमचा समुद्र, आणि सिद्धेश्वर किंवा येलदरीचं धरण भरलं की ते पाहायला डबे घेऊन जायचं, ही आमची सहल. खरा समुद्र रस्त्यानं पाचशे किलोमीटरांहून लांब. माझी आई तर समुद्र न पाहताच गेली. तिची ओटी मात्र दर सणाला समुद्राकाठच्या फळानं भरली जायची!

म्हणूनच या वर्षी भिशीची माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं, या पैशाची भांडी नाहीत, पाटल्या नाहीत. बेट पाहायचं. अंदमान!

घरात काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा. आमच्या ह्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. "चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात," हे वाक्य त्यांनी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. पण बेटावर जाऊ म्हटल्यावर म्हणाले, "नकाशात दिसतं की! एवढा खर्च कशाला?" आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "काळ्या पाण्याला कोणी हौसेनं जातं का गं, सूनबाई? तिकडं तर लोकांना धरून न्यायचे."

आत्याबाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या बोलण्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

घड्याळ आपलं, सूर्य त्यांचा

आधी थोडं ओळखीपाळखीचं. बंगालच्या उपसागरात, चेन्नई आणि कोलकाता या दोन्हींपासून सुमारे बाराशे किलोमीटरवर अंदमान आणि निकोबार ही बेटांची लांबलचक माळ आहे. लहानमोठी बेटं आणि खडक धरून त्यांची संख्या आठशेच्या वर जाते, पण माणसं राहतात ती जेमतेम तीसेक बेटांवर. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३ लाख ८० हजार होती, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या साधारण तिसरा हिस्सा. बाकी सगळं जंगल. ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभाग झाडांखाली आहे.

राजधानीचं नाव आपण पोर्ट ब्लेअर असं शिकलो. २०२४ पासून ते श्री विजयपुरम आहे. २०१८ साली हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. तिथले लोक बोलताना अजून जुनी नावं घेतात, म्हणून दोन्ही लक्षात ठेवलेली बरी.

आम्ही रथसप्तमी झाल्यावर निघालो. हिंगोलीहून रेल्वेनं नांदेड, पुढं हैदराबाद, चेन्नई आणि तिथून विमान. जहाजानंही जाता येतं, पण त्याला तीनेक दिवस लागतात. विमानाच्या खिडकीतून खाली पाहिलं तर निळ्या पाण्यात हिरवे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पोपटी रंगाची किनार. जणू इरकलीचा काठ! ह्यांनी नाक काचेला लावलं ते विमान उतरेपर्यंत काढलं नाही. खर्चाचा विषय तिथंच संपला.

पहिलं आश्चर्य म्हणजे तिथला दिवस. बेटं इतकी पूर्वेला आहेत, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे फेब्रुवारीत साडेपाचलाच दिवेलागण होते. आपल्याकडे त्या वेळी बायका नुकत्या दुपारच्या चहाची भांडी घासत असतात! तेव्हा पाहायचं ते सगळं सकाळी लवकर उठून पाहावं. आपल्याला पहाटे उठायची सवय असतेच, इथं तिचा फायदा होतो.

पूजेच्या ताटातली झाडं

उष्ण प्रदेशातली बेटं म्हटली की परक्या, अनोळखी झाडांचं जंगल असेल असं मला वाटलं होतं. आणि ते आहेच. पाडाऊकचे सरळसोट वृक्ष, गर्जनची आभाळाला टेकलेली खोडं, बुंध्याशी फळ्या उभ्या कराव्यात तशा पसरलेल्या आधारमुळ्या. पाडाऊकचं लाकूड तांबूस आणि टिकाऊ. श्री विजयपुरमजवळच्या चाथम बेटावर १८८३ पासून लाकूड कापायची मोठी गिरणी आहे, तिथं हे लाकूड जवळून पाहता येतं.

पण त्या गर्दीत एकेक करून ओळखीचे चेहरे दिसू लागले. हा नारळ. ही सुपारी, बांबूसारखी सडपातळ. हा तिच्या अंगावर चढलेला मिरीचा वेल. ही दालचिनी, हे जायफळ, ही लवंग. तिकडचे शेतकरी नारळ-सुपारीच्या सावलीत मसाल्याची झाडं लावतात. आणि एका घराच्या परसात, नारळाच्या बुडाशी, कर्दळीसारखी रुंद पानं सुकत आलेली पाहून मी ओरडलेच, "अहो, ही तर आपली हळद!"

ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या मुलखातली मी. हळद उकडताना येणारा वास माझ्या लहानपणापासून नाकात बसलेला. बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडून पाहावं तर हळद आपली आधीच येऊन बसलेली! विचार करा, ओटीत आपण काय घालतो? नारळ, सुपारी, हळकुंड, विड्याचं पान. यातलं हळकुंड आमचं, पण बाकीचं बरंचसं ओल्या, उष्ण किनाऱ्यांवरचं आणि बेटांवरचं. आपण कधी गेलो नाही, पण त्या झाडांनी आपलं घर केव्हाच गाठलं.

नारळाचा तर प्रवास ऐकण्यासारखा आहे. त्याचा जाड, तंतूंचा काथ्या म्हणजे त्याची होडी. झाडावरून पडलेला नारळ पाण्यावर कित्येक आठवडे तरंगत जातो आणि दुसऱ्या किनाऱ्याला लागला की रुजतो. शेंडी काढल्यावर आपल्याला तीन डोळे दिसतात ना, त्यातला एक नरम असतो. कोंब येतो तो त्यातूनच. आतलं खोबरं आणि पाणी ही त्या बाळाची शिदोरी! २०११ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या नारळांची आनुवंशिक तपासणी करून सांगितलं, की माणसानं नारळ दोन ठिकाणी वेगवेगळा लागवडीला आणला. एक आग्नेय आशियाच्या बेटांकडे, आणि दुसरा आपल्या हिंदी महासागराच्या बाजूला, बहुधा दक्षिण भारताच्या किनारी.

किनाऱ्याला लागून खारफुटी आहे. तिची मुळं काही वाकून पाण्यात टेकतात, तर काही चिखलातून बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. दिसायला चिखलाट, पण माशांची पिल्लं तिथं वाढतात आणि लाटांचा जोरही तीच अडवते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं या बेटांना, विशेषतः निकोबारला, फार मोठा तडाखा दिला. भूकंपात अगदी दक्षिणेचं इंदिरा पॉइंट चार मीटरांहून जास्त खचलं आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. हे सगळं भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत येतं. तिथं समुद्रासमोर उभं राहून ऐकलं की अंगावर काटा येतो.

कोलूला जुंपलेली माणसं

आता काळ्या पाण्याकडे येते. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची पहिली तुकडी इथं आणली. पुढं १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल बांधलं गेलं. मधोमध मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, प्रत्येक कोठडी एकट्याची, आणि एका इमारतीची दारं दुसरीच्या पाठीकडे. माणसाला माणसाचा चेहरा दिसू नये अशी सोय. सातांपैकी तीनच इमारती आज उरल्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ते राष्ट्रीय स्मारक झालं.

तिथं मला पुन्हा भेटला तो नारळच. अंदमानात इंग्रजांच्या आधी नारळाची झाडं जवळजवळ नव्हती, निकोबारात मात्र उदंड होती. अंदमानातल्या बागा कैद्यांच्या कष्टानं उभ्या राहिल्या. तुरुंगात त्याच नारळाचा काथ्या कुटून दोर वळायचा, नाही तर बैलाच्या जागी स्वतःला जुंपून कोलू फिरवायचा आणि तेल गाळायचं. नारळाचं तेल दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास. कमी पडलं की शिक्षा. तो कोलू पाहिल्यावर मला खोबरेल तेलाची आमच्या देवळीतली बाटली आठवली, आणि डोळे भरून आले.

बंगाल, पंजाब, महाराष्ट्र, सगळीकडचे क्रांतिकारक तिथं होते. १९३३ आणि १९३७ साली तिथं मोठे अन्नत्याग झाले. सावरकर बंधूंची नावं आपण शाळेत ऐकली आहेत. बाबाराव आधीपासून तिथं होते, आणि तात्याराव ४ जुलै १९११ रोजी तिथं आले. दोघं भाऊ एकाच तुरुंगात, पण भेट दुर्मीळ. पुस्तकात हे वाचलं होतं. पण त्या कोठडीच्या गजांना हात लावल्यावर मला आठवण झाली ती येसूवहिनींची, म्हणजे बाबारावांच्या पत्नीची. नवरा बेटावर आणि त्या इकडे. भेटीची परवानगी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहिली. १९१९ साली अखेर घरची माणसं भेटीला बेटावर पोचली. तात्यारावांच्या पत्नी माई आणि धाकटे दीर नारायणराव आले. येसूवहिनी आल्या नाहीत, कारण त्याआधीच त्यांचं निधन झालं होतं. ही बातमी बाबारावांना त्या भेटीतच मिळाली.

मैत्रिणींनो, आपण विमानाचं परतीचं तिकीट पर्समध्ये ठेवून त्या बेटावर उतरतो. त्याच बेटाकडे डोळे लावून किती बायकांनी दारात बसून जन्म काढला असेल! आणि एक गोष्ट मला आधी ठाऊकच नव्हती. कैद्यांमध्ये बायकाही होत्या. शिक्षेचा काही काळ भोगल्यावर कैद्यांना तिथं लग्न करून संसार थाटायची मुभा असे. त्यांची मुलंबाळं, नातवंडं आज तिथलीच झाली आहेत. त्यांच्यात कोण कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे सगळं मिसळून गेलं. घरात हिंदुस्थानी बोलतात. शिक्षेच्या जागेचं घर केलं त्या माणसांनी.

सगळेच कुठून तरी आलेले

तिथली संस्कृती कोणती, असं कोणी विचारलं तर एका शब्दात सांगता येत नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं, तमिळ, तेलुगू, मल्याळी, छोटा नागपूरकडून मजुरीला आलेले आदिवासी, १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आलेले करेन लोक. बाजारात बंगाली, तमिळ, हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते.

पण हे सगळे पाहुणेच. खरे घरवाले वेगळे. अंदमानी, ओंगे, जारवा, सेंटिनेली, आणि निकोबारकडे निकोबारी व शोंपेन. ते हजारो वर्षांपासून तिथं आहेत. श्री विजयपुरमच्या मानवशास्त्र संग्रहालयात त्यांच्या होड्या, टोपल्या, झोपड्यांचे नमुने पाहायला मिळतात. मला सगळ्यांत भावली ती निकोबाऱ्यांची 'तुहेत' म्हणजे एकत्र कुटुंबाची पद्धत. जमीन आणि नारळाच्या बागा मुख्यतः एकट्याच्या नसतात, अख्ख्या तुहेतच्या असतात. आणि केवड्याच्या जातीतल्या एका झाडाचं भलंमोठं फळ शिजवून, त्याचा गर काढून ते लोक खातात, आपल्या भाकरीसारखं पोटभरीचं. आपण केवडा गौरी-गणपतीत विकत आणतो, वासापुरता. त्याच्या भावंडावर तिकडं घरं जगली!

निकोबारला जायला आपल्याला सहज परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. जारवांच्या राखीव जंगलातून एक रस्ता जातो. १९५६ च्या कायद्यानं या जमातींना संरक्षण आहे. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं, गाडी थांबवणं, हा गुन्हा आहे. आमच्या मुक्कामावरच्या एका कुटुंबाला मात्र त्याच रस्त्यानं जायचं होतं. "गुंफा पाहायच्या" हे वरवरचं, मनात होतं ते "जारवा दिसतील." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझ्या अंगणात कोणी गाडी उभी करून मी भांडी घासते ते बघायला लागलं, तर मला आवडेल का?" आम्ही त्या रस्त्यानं गेलो नाही. काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

माझी चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगितलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी माझी पाळी आली. तेही लपवत नाही.

बोटीनं आम्ही शहीद द्वीपला गेलो. (बोटीत आमच्या भूगोलाच्या मास्तरांना बोट लागली, ते दीड तास आलेपाक चघळत डोळे मिटून बसले होते!) लहानसं बेट, भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर पांढरे, जाळीदार दगड पडलेले. प्रवाळाचे तुकडे. आपल्या पोवळ्याचे दूरचे भाऊबंदच. एक सुंदर तुकडा मी रुमालात गुंडाळला. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये काय शोभेल! मग एक शंख दिसला, तोही उचलला. इतक्यात शाळेच्या गणवेशातली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी धावत आली.

"आंटी, वो मत ले जाओ. वो किसी का घर है."

मी शंख हातात उलटा केला तर आतून इवलेसे पाय बाहेर आले. शंखातला खेकडा! त्याला स्वतःचं कवच नसतं. रिकाम्या शंखात तो बिऱ्हाड थाटतो, आणि वाढला की मोठा शंख शोधतो. घर बदलायचं तर रिकामा शंख किनाऱ्यावर असायला हवा. आपण बायका एकेक करून ते पर्समध्ये घालून नेले, तर त्यानं जायचं कुठं?

मी शंख खाली ठेवला आणि मुकाट्यानं रुमालही सोडला. नंतर कळलं की वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळ उचलून आणणं गुन्हाच आहे, आणि विमानतळावर सामानात सापडलं तर कारवाई होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. बारीक जिवांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ती वस्ती. समुद्राचं पाणी फार तापलं की ते जीव पांढरे पडतात. २०१० साली अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं. आधीच तापलेल्या घरात आणखी हात कशाला घालायचा?

त्या मुलीच्या आजीकडे आम्ही चहा घेतला. बंगाली बाई, आईबापांबरोबर लहानपणी निर्वासित म्हणून आलेली. परसात हळद होती ती हिच्याच. मोडक्यातोडक्या हिंदीत आम्ही दोघींनी हळद कशी उकडायची, कशी वाळवायची, यावर तासभर गप्पा मारल्या. निघताना मी पाण्याची रिकामी बाटली कोपऱ्यात ठेवू लागले, तर ती म्हणाली, "दीदी, इधर सब जहाज से आता है. जो आता है, वो वापस नहीं जाता." मी बाटली पिशवीत टाकली.

आणि पाणी! तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या तिप्पट. तरी उन्हाळ्यात श्री विजयपुरमला नळाला पाळीपाळीनं पाणी येतं, कारण पडलेलं पाणी झरझर समुद्राला मिळतं, साठवायला जागा थोडी. हे तुम्हाआम्हाला समजावून सांगायला नको. हंडे भरून ठेवणाऱ्या मराठवाड्याच्या बाईला बेटाचं दुःख चटकन कळतं. म्हणून मी म्हणते, बेटावर जायला आपणच लायक! फक्त एक करायचं, गिऱ्हाईक म्हणून नाही, पाहुणी म्हणून जायचं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पाणी किती वापरावं, कुठं डोकवावं आणि कुठं नाही, काय उचलावं आणि काय नाही, हे आपल्याला आईनं शिकवलंय. तेवढं पुरतं.

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

• नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. शेवटचा दिवस कधीही बेटावर ठेवू नका, विमानाच्या आदल्या दिवशीच राजधानीत परत या.

• ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ हवं. नेहमीच्या पर्यटन बेटांना आपल्याला वेगळा परवाना लागत नाही.

• बोट लागत असेल तर निघण्यापूर्वी हलकं खा, आलेपाक किंवा आवळासुपारी जवळ ठेवा, आणि दूर क्षितिजाकडे पाहत बसा. फार त्रास होत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या.

• सुती कपडे, टोपी, पटकन वाळणारा टॉवेल, डासांचं मलम. समुद्रात उतरायचं तर साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा. ओली साडी पायात अडकते.

• काही किनाऱ्यांवर मगरींचे इशारे देणारे फलक असतात. ते शोभेचे नाहीत. जिथं जीवरक्षक असतील तिथंच पाण्यात उतरा.

• स्वराज द्वीपचा राधानगर किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. पण सूर्य लवकर मावळतो हे विसरू नका, चारलाच पोचा.

• रॉस बेटावर इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी विळखे घातलेले आहेत. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो ना, तसंच, पण अख्खं गाव. चुकवू नका.

• आठवण म्हणून काही आणायचंच तर करवंटीच्या वस्तू, पाडाऊकचं लहानसं काम किंवा मसाले आणा. पावती घ्या.

• अंदमान जमत नसेल तर निराश होऊ नका. लक्षद्वीपला प्रवेश-परवाना काढून जाता येतं. आणि मुंबईला कामानिमित्त गेलात तर घारापुरीची लाँच पकडा. तेही बेटच की! सुरुवात कुठूनही करावी.

घरी आल्यावर

परत आलो तेव्हा आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. "काय आणलंस गं?" मी मसाल्याची पुडी पुढं केली. मग त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. मास्तरांना बोट लागली ते ऐकून हसल्या. कोलूचं ऐकून गप्प झाल्या. येसूवहिनींचं ऐकलं तेव्हा बराच वेळ जपमाळेचा एकेक मणी ओढत राहिल्या, आणि म्हणाल्या, "त्या बाईला नाही जाता आलं. तू जाऊन आलीस, बरं केलंस."

एवढंच. पण मला ती भिशी पावली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला ओटीत नारळ पडला, की लगेच वाटणाला काढू नका. जरा हातात घ्या, हलवून आतलं पाणी ऐका. कोणत्या वाऱ्यात वाढला असेल, कोणी उतरवला असेल? आणि मग भिशीची तुमची पाळी कधी आहे, तेही पाहून ठेवा.